पाय धुण्याचा टब हटत नाही

मी एक जुना लाकडी टब आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर लगेच माझी कीव करायला लागू नका. माझे वय एकशे बारा आहे, माझ्या दोन लोखंडी पट्ट्यांपैकी एक बदललेली आहे, आणि मी अजून कामावर आहे. माझे काम म्हणजे माणसांचे पाय धुणे. हसायचे असेल तर हसून घ्या. पुष्कळ जण हसले. ते गेले, मी इथेच आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या लांबट डोंगराखाली लाँग हॉलो नावाची वस्ती आहे. तिथल्या ब्रदरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, मला घडवले ते एनॉस रेपलोगलने. तो पिंपे बनवायचा. देवदाराच्या चौदा फळ्या त्याने तासल्या, गोल उभ्या केल्या आणि पट्ट्यांनी आवळल्या. माझ्यात एक खिळा नाही की गोंदाचा थेंब नाही. पाणी प्यायले की फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात, तेवढ्यावर मी उभा आहे. म्हणून वापरण्याआधी मला तीन दिवस भिजत ठेवावे लागते. कोरडा टब बाहेरून कितीही देखणा असला तरी भरला की गळतो. हे सांगताना एनॉस मंडळीच्या पुढाऱ्यांकडे मुद्दाम बघायचा, आणि पुढारी छताकडे बघायचे.

वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, आमच्याकडे प्रीतिभोजन असते, येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुऊन भाकर मोडली त्याची आठवण. एका लांब मेजाला बायका बसतात, दुसऱ्याला पुरुष. माझी नेमणूक बायकांकडे. एकीने कमरेला टॉवेल बांधायचा, शेजारणीपुढे गुडघे टेकायचे, तिचे पाय धुवायचे, पुसायचे, तिला उठवून जवळ घ्यायचे आणि टॉवेल तिच्या कमरेला बांधायचा. मग तिने पुढचीचे. शेजारीण निवडायची सोय नाही. जी बसली ती आपली. डॉक्टरीणबाईंनी कारखान्यात अंडी खोक्यांत भरणाऱ्या बाईचे पाय धुतलेले मी पाहिले आहेत, आणि दोघींच्या टाचांना सारख्याच भेगा होत्या. त्यानंतर चौघींत एक वाडगा रस्सा, त्यात पाव, आणि शेवटी प्रभूची भाकर.

पण त्या मेजावर असे उठून जाऊन बसता येत नाही. आधी डीकन, म्हणजे मंडळीची सेवा पाहणारी माणसे, वही घेऊन घरोघर जातात आणि तीन प्रश्न विचारतात. विश्वासात आहात का? मंडळीशी समेट आहे का? मंडळीचे काम कराल का? एका घरातून जरी ‘नाही’ आले, तरी भोजन थांबते. समेट होईपर्यंत कोणाला वाडगा नाही. निदान नियम तसा आहे. खरे सांगायचे तर गेल्या चाळीस वर्षांत ‘नाही’ कोणी म्हटलेच नव्हते. मनात काय वाट्टेल ते असो, दारात वही दिसली की सगळे ‘हो’ म्हणायचे आणि वर मुरंब्याची बाटली द्यायचे.

माझे वाईट दिवसही सांगतो. प्लास्टिकची भांडी आली तेव्हा मला तळघरात टाकले. एका पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, मला दारात ठेवून माझ्यात जिरॅनियमची फुलझाडे लावली. मी तळाची फळी सोडली आणि सगळा चिखल त्याच्या बुटांवर ओतला. मला अजून पश्चात्ताप झालेला नाही. मग कोणीतरी सुचवले की पाय कशाला, ओल्या कागदाने एकमेकांचे हात पुसू. तेही दोन वर्षे झाले. आपल्या प्रभूने टॉवेल बांधला तो काय हात पुसायला, असे विचारणारे फारसे उरले नव्हते.

मला तळघरातून वर आणले लवीना स्नेवलीने. ही शाळेची बस चालवते. आमचा मुख्य डीकन ऑर्विल मेट्झगर थकल्यावर सहा जणांना विचारून झाले होते. सहाही जणांना अचानक खूप कामे निघाली. सातवी लवीना. ती ‘बरं’ म्हणाली. लोक म्हणाले, आता मंडळीलाही थांब्याथांब्यावर हॉर्न ऐकावा लागणार.

तिने मला आपल्या मागच्या पडवीत भिजत घातले आणि पुढे तिथेच ठेवले. पहाटे बस काढण्याआधी ती रोज माझ्याशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करायची. बर्फ असो, ताप असो, तिचा नेम चुकला नाही. आवाज इतका हळू की माझ्यातले पाणीही हलत नसे. त्यामुळे पुढचे जे मी सांगतो आहे, त्यातले बरेचसे तिने देवाला सांगितले तेव्हा मी ऐकलेले आहे.

गेल्या ऑक्टोबरात ती वही घेऊन ऑर्विलच्या घरी गेली. दार उघडले ते ब्यूलाने, ऑर्विलच्या बायकोने. वय एक्याऐंशी. शेगडीवर सफरचंदे रटरटत होती.

“विश्वासात आहात, सिस्टर ब्यूला?”

“आहे.”

“मंडळीशी समेट आहे?”

ब्यूलाने शेगडी बंद केली. “नाही.”

लवीनाचे पेन कागदावर तसेच राहिले. “नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. लिही की! बस दारात आणून उभी केलीस म्हणून मी चढेन असं वाटलं तुला?”

लवीनाने ‘नाही’ लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी पाळक कॉलिन तिच्या पडवीत येऊन बसला. पोरसवदा, मनाने चांगला, पण घाबरट.

“सिस्टर लवीना, ‘हो’ लिहून टाका ना. म्हातारं माणूस आहे. साठ पौंड मांस सांगून झालंय.”

“मांस फ्रीझरमध्ये ठेवा. हे ‘नाही’ कुठे ठेवू मी?”

“मुलं कॉलेजातून घरी येणार आहेत. लोक चिडतील.”

“चिडू देत.”

कॉलिनने कॉफीच्या कपात पाहिले. “काही लोक म्हणतायत, तुम्ही जागा सोडलीत तर ब्यूला ‘हो’ म्हणेल.”

“काही लोक म्हणजे कोण?”

“म्हणजे... काही लोक.”

“काही लोकांना सांगा, आज मंगळवार आहे, बसचा टायर पंक्चर आहे आणि माझी कंबर धरलीय. अशा दिवशी मी राजीनामा देत नसते. विचारायचं तर मी धडधाकट असेन तेव्हा विचारा.”

तो गेल्यावर मात्र ती माझ्या काठावर हात टेकून रडली. “प्रभू, मला मोकळं कर,” म्हणाली. दुसऱ्या पहाटेही तेच म्हणाली. मित्रांनो, खंबीर माणसे रडत नाहीत असे तुम्हाला कोणी शिकवले असेल तर ते विसरून जा.

तिसऱ्या पहाटे ती काही मागितल्यावाचून नुसतीच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, “मी ‘नाही’ लिहिलं. का ते विचारलंच नाही.”

त्याच दुपारी तिने मला बसमध्ये घातले, पुढच्या सीटवर पट्टा लावून, आणि आम्ही मेट्झगरांकडे गेलो.

“आता टब आणलास?” ब्यूला म्हणाली. “उद्या सगळं चर्च घेऊन ये उचलून.”

“विचारायला आलेय, ब्यूला. ‘नाही’ का?”

ऑर्विल खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. पायांत मोजे दोन रंगांचे. ब्यूलाने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि मग ती थांबली नाही.

“तीस वर्षं त्यांनी या घरोघरच्या भेटींचा अहवाल मंडळीपुढे वाचला. गेल्या वर्षी त्यात चार मेलेल्या माणसांची नावं वाचली. म्हणाले, विश्वासात आहेत, समेट आहे. खोटं होतं का ते? मागे कोणीतरी हसलं आणि तू उठलीस. त्यांच्या हातातला कागद घेतलास आणि उरलेला स्वतः वाचलास. त्या दिवसापासून ते आले नाहीत. मला रोज विचारतात, ब्यूला, माझं काय चुकलं? रोज, लवीना. वर्षभर.”

“मला वाटलं, मी त्यांची लाज राखतेय.”

“तू तुझी राखलीस.”

लवीनाने स्वतःची बाजू मांडली नाही. तिच्याकडे बाजू होती, मला माहीत आहे. ती म्हणाली, “तुझे पाय धुऊ दे मला.”

“माझे नकोत. त्यांचे धू.”

मित्रांनो, इथे मीच दचकलो. बायकांनी बायकांचे आणि पुरुषांनी पुरुषांचे, ही आमची रीत. इतक्या वर्षांत माझ्यात पुरुषाचा पाय पडला नव्हता. ‘हो’ लिहायला नकार देऊन लवीना नियमावर अडून बसली होती, आणि आता तिनेच नियम मोडला तर ‘काही लोकांना’ हवे ते आयते मिळणार होते. तिलाही ते कळत होते. किटलीतले पाणी माझ्यात ओतायला जेवढा वेळ लागला तेवढाच तिने विचार केला. मग टॉवेल बांधला आणि खुर्चीपुढे गुडघे टेकले.

तिने त्याचे मोजे काढले. ऑर्विलने मला पाहिले, टॉवेल पाहिला, आणि तो खुर्चीत ताठ बसला. तीस वर्षांचा सराव. आवाज आधीसारखा निघाला.

“सिस्टर, विश्वासात आहेस?”

“आहे, ब्रदर ऑर्विल.”

“मंडळीशी समेट आहे?”

लवीनाला हा प्रश्न याआधी कोणी विचारलाच नव्हता. डीकन सगळ्यांच्या दारात जातात. डीकनच्या दारात कोण जाते?

“नाही,” ती म्हणाली. “मी चारचौघांत तुमच्या हातातला कागद काढून घेतला. तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं.”

ऑर्विलने बोट वर केले. “मग भोजन नाही. आधी समेट करून ये.”

“तेच करतेय.”

“बरं.” त्याने बोटे हलवली. “पाणी छान कोमट आहे.”

ब्यूलाने पाठ फिरवली होती. खांदे हलत होते, ती हसत होती की रडत होती ते मला दिसले नाही. मग ती वळली, लवीनाच्या हातातून टॉवेलचे टोक घेतले आणि नवऱ्याचे पाय स्वतः पुसले.

“लिही,” ती म्हणाली. “समेट झाला. मैत्री झाली असं लिहू नकोस.”

“नाही लिहीत.”

रविवारी लवीना मंडळीपुढे उभी राहिली आणि आपली चूक तिने स्वतः सांगितली. ज्या जागी कागद घेतला होता त्याच जागी. पाय धुतल्याचेही सांगितले. चेस्टर लाँगनेकर उठला. “बाईने पुरुषाचे पाय? मग रीत ठेवलीत कशाला?”

“गुडघे टेकायला शिकावं म्हणून, ब्रदर चेस्टर. टेकू नये म्हणून नव्हे.”

“म्हणजे परत कराल?”

“गरज पडली तर, हो.” आवाज चढला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

दोन आठवड्यांनी भोजन झाले. दारात ‘हो’ म्हणालेली एकोणीस घरे ऐनवेळी रागावून आली नाहीत. त्यातली सहा अजूनही येत नाहीत. लवीना त्यांच्याकडे जाते, दार उघडत नाहीत, ती पुन्हा जाते. गोष्टीच्या शेवटी सगळे गळ्यात पडले असे मी सांगणार नाही. मी देवाच्या घरातला टब आहे, खोटे बोलणार नाही.

मात्र या ऑक्टोबरातली एक सकाळ सांगायची आहे. मी पडवीत भिजत होतो. लवीना प्रार्थना करून उठत होती, गुडघा धरून. जाळीचे दार वाजले. बाहेर ब्यूला, हातात वही.

“डीकनांच्या घरांची यादीच नव्हती,” ती म्हणाली. “मी केली. विश्वासात आहेस?”

“आहे.”

“मंडळीशी समेट आहे?”

“रागावलेल्यांतल्या तेरा घरांशी झाला. सहांशी चालू आहे.”

“काम करशील?”

“करीन.”

ब्यूलाने तिन्ही उत्तरे लिहिली. वही मिटली. मग वहीत नसलेला प्रश्न विचारला. “दमलीस का गं?”

लवीना पडवीच्या पायरीवर बसली. “हो,” म्हणाली.

“मग बस इथेच. कॉफी मी करते. डबा कुठे ठेवतेस?”

मित्रांनो, तुमच्यातही कोणीतरी पुढे उभे असेल. पाळक, शाळेतले सर, रविवारची शाळा घेणारी मावशी. त्यांच्यात खोडी काढायला जागा भरपूर आहे, मला मान्य आहे. चूक असेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणा, पाठीमागे ‘काही लोक’ होऊ नका. आणि त्यांच्या दारात जाऊन ते दमले आहेत का, तेही विचारा. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश न करता स्वयंपाकघरात शिरा.

आणि उद्या पुढे उभे राहायची पाळी तुमच्यावर आली तर? लोक हसतील, जागा सोड म्हणतील. तुमची चूक असेल तर सगळ्यांसमोर कबूल करा, आणि कबूल करून झाल्यावर तिथेच उभे राहा. हटू नका. तुम्हाला तिथे उभे करणारा देव आहे, ते लोक नव्हेत.