शिवेपार ढकललेली सावलीगळ

मी एक जुना रोग आहे. मित्रांनो, लगेच बाक मागं ओढू नका, नाकाला रुमालही लावू नका. मी खोटा आहे. माझ्यामुळे आजवर एकाही खऱ्या माणसाला साधी शिंकसुद्धा आलेली नाही. मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात जन्मलो, खेळातलीच माणसं आजारी पाडली, आणि आता एका पेनड्राइव्हमध्ये, कंपासपेटीत, कर्कटकाची टोचणी खात पडलो आहे. पडलो आहे म्हणजे काय, तळमळतो आहे. मला एका जागी राहायची सवयच नाही. का नाही, तेच तर सांगायचं आहे.

माझं गाव परभणी जिल्ह्यातली बोरी. तिथल्या शाळेत नववीत असलेल्या राजेश्रीने मला घडवलं. सरांनी कॉम्प्युटरच्या तासाला खेळ बनवायला शिकवलं तेव्हा कुणी चेंडू उडवला, कुणी मांजर पळवलं. या बाईने थेट एक ग्रह वसवला! त्याचं नाव 'नवी बोरी'. तिथल्या आकाशात दोन सूर्य, म्हणून तिथल्या प्रत्येक माणसाला दोन सावल्या. पण सगळं सुखात चाललं तर खेळायचं काय? म्हणून मग मी.

माझं नाव तिने आपल्या वडिलांच्या बोलण्यातून उचललं. कपाशीची पाती बोंड धरायच्या आधीच झडली की ते म्हणायचे, पातेगळ झाली. तसा मी सावलीगळ. मी अंगात शिरलो की माणसाची एक सावली गळून पडते. मग त्याचा आवाज बारीक होतो. दुसरीही गळाली की तो कुणालाच दिसत नाही. मरत नाही बरं का. तिथेच असतो, हाका मारतो, पण कुणी वळून बघत नाही. हे तुला सुचलं कुठून, असं सरांनी विचारलं, तर राजेश्री म्हणाली, असंच. मला मात्र वाटतं, वर्गात बसून तिने काहीतरी पाहिलं होतं आणि पाहिलंय हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

माझ्यावर औषधही तिनेच ठेवलं. रोग्याला दर फेरीला एक गोळी द्यायची. एकही न चुकवता सगळ्या गोळ्या संपवल्या की गळालेली सावली पुन्हा फुटते, आणि ती निळी असते. निळ्या सावलीच्या माणसाचं मी पुन्हा कधीच वाकडं करू शकत नाही. हीच त्या ग्रहावरची रोगप्रतिकारशक्ती, असं तिने सुरुवातीच्या पडद्यावर ठळक लिहिलं होतं. ते जवळजवळ कुणीच वाचलं नाही.

वाचतील कशाला? तिने आणखी एक बटण ठेवलं होतं ना! गावातली रोगराई जावी म्हणून आषाढात मरीआईचा लहानसा लाकडी गाडा वाजतगाजत नेऊन गावाच्या शिवेबाहेर सोडतात. पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा. राजेश्रीने लहानपणी तो पाहिला होता. पडद्यावर गाडा झकास दिसेल म्हणून तिने तो काढला आणि बटणावर लिहिलं, 'शिवेपार ढकला'.

झालं! खोलीतले कॉम्प्युटर दारापासून भिंतीपर्यंत एका ओळीत होते. प्रत्येकावर एकेकाची वस्ती. गोळ्या द्यायच्या म्हणजे फेऱ्यांमागून फेऱ्या थांबावं लागायचं, ढकलायला एक टिचकी पुरे. दाराजवळ मी उगवलो की पहिला ढकलायचा दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे. जो जितक्या लवकर ढकलील तो तितका हुशार. बालाजी नावाचा मुलगा यात सगळ्यात तरबेज. मी त्याच्या वस्तीत नीट उतरायच्या आतच त्याची टिचकी वाजायची. मित्रांनो, मी रोग असलो म्हणून काय झालं? टेकायलासुद्धा मिळायचं नाही. जिथे जावं तिथून धक्का. त्या दिवसांची घाई अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

ओळीच्या शेवटी, भिंतीला लागून, धनश्री बसायची. तिच्या कॉम्प्युटरनंतर ओळीत दुसरा नव्हता, म्हणून तिचं बटण दाबलं तरी गाडा भिंतीला धडकून परत यायचा. सगळ्यांनी ढकललेला मी शेवटी तिच्याकडेच साचायचो.

ती जागा तिने निवडलेली नव्हती. आदल्या वर्षी तिला क्षय झाला होता. खरा रोग, माझ्यासारखा खेळातला नव्हे. तिने सगळी औषधं पुरी केली, ती ठणठणीत बरी झाली, आता तिच्यापासून कुणाला काही होणार नाही असं डॉक्टरांनी लेखी दिलं. वर्ष तेवढं वाया गेलं आणि ती पुन्हा नववीत बसली. पण तिच्या शेजारचा बाक रिकामाच राहिला. मधल्या सुट्टीत सगळे गोल करून डबे उघडायचे आणि ही पायरीवर एकटी. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं कुणी तिच्याकडे बघायचं नाही. माणसं दिसेनाशी करणं हे माझं काम, मित्रांनो. पण धनश्रीच्या बाबतीत ते माझ्या आधीच कुणीतरी उरकलं होतं.

तिने आपल्या वस्तीचं नाव 'मानवत' ठेवलं. तिथे तिचे मामा राहतात. तिथल्या शाळेत जायचं, जिथे आपला आजार कुणालाच ठाऊक नाही, असं तिने घरी ठरवून टाकलं होतं. शनिवारी तिचे वडील शिवकांतअप्पा दाखला काढायला येणार होते. राजेश्रीने ते ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिची नजर धनश्रीच्या पडद्यावर गेली.

इकडे त्या भिंतीपाशी मात्र भलतंच घडत होतं. धनश्री मला ढकलत नव्हती. ती गोळ्या देत होती. दर फेरीला, प्रत्येक रोग्याला. बाकीच्यांनी कधी गोळी दिलीच, तर सावली जराशी उगवली की बरं झालं समजून ते ती थांबवायचे, आणि मी दुप्पट जोराने उसळायचो. हिने थांबवली नाही. बरं वाटायला लागल्यावरच गोळी चुकते, हे तिला आपल्या अंगावरून ठाऊक होतं. तिची बरीच माणसं मी दिसेनाशी केली, खोटं कशाला बोलू? पण एक म्हातारी टिकली. मग एक लोहार, मग दोन पोरी. त्यांच्या पायाशी निळं काहीतरी पसरलं, आणि त्या वस्तीत मला पाय ठेवायला जागा उरली नाही. माझा पराभव झाला होता आणि खोलीत राजेश्रीशिवाय कुणाला पत्ताच नव्हता.

शनिवार उजाडला. परभणीच्या प्रदर्शनाला खेळ पाठवायचा म्हणून त्या दिवशी शेवटचा सामना होता. राजेश्रीने रात्रीतून एक नवा नियम घातला होता. आता मी वाऱ्यावरून येणार, शीव ओळखणार नाही. खेळ सुरू झाला आणि मी सगळ्या वस्त्यांत एकदम उगवलो. काय सांगू, किती मोकळं वाटलं! ढकलायला रिकामी शीवच नव्हती. टिचक्यांवर टिचक्या वाजत होत्या आणि सावल्या पाचोळ्यासारख्या झडत होत्या. बालाजीकडे शेवटी एकच माणूस राहिला, तोही एका सावलीचा.

"ए, हे चिटींग हाय," बालाजी ओरडला. "हिनं आपल्यालाच मारायला बनवलाय का खेळ?"

"पडद्यावर लिवलंय की सगळं," राजेश्री म्हणाली. "एकीनं वाचलंय. तिकडं बग, भिंतीकडं."

सगळ्या माना वळल्या. भिंतीशेजारच्या पडद्यावर निळ्या सावल्यांची माणसं निवांत पाणी भरत होती. राजेश्रीने आणखी एक सोय केली होती: आपले रोगी गाड्यात घालून निळ्या वस्तीत पाठवता येतील. पण रोग ढकलताना पुढच्याला कुणी विचारायचं नाही. माणसं पाठवताना मात्र त्याच्या पडद्यावर प्रश्न यायचा. धनश्रीच्या पडद्यावर प्रश्नांची रांग लागली. 'घ्यायचं का?' 'घ्यायचं का?' 'घ्यायचं का?'

तिचा हात हलला नाही. पोरं उठून तिच्या बाकाभोवती जमली. वर्षभर ज्या बाकाला वळसा घालून जायची, त्यालाच.

"धने, घी की," बालाजी म्हणाला. "माजा एकच राहिलाय."

"तुज्याकडं बटन हाय ना? ढकल की मग."

"कुठं ढकलू? जागाच न्हाई."

"आता कळलं का, भिंतीपाशी कसं वाटतंय ते?"

बालाजी तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर हळूच टेकला. म्हणाला, "चुकलंच माजं."

धनश्रीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "घेते," ती म्हणाली. "पण माज्या वस्तीत येगळं ताट नसतंय. सगळे एका पंगतीत. चालंल का?"

"चालंल."

तिने 'हो' दाबलं. गाडा शीव ओलांडून आत आला. या खेपेला त्यात मी एकटा नव्हतो, माणूसही होता. निळ्या सावलीच्या म्हातारीने त्याला पाणी दिलं आणि पहिली गोळी दिली.

तेवढ्यात दारात शिवकांतअप्पा उभे राहिले. "चल गं बाई," ते म्हणाले, "हापिसात साहेब बसलेत, दाखला घेऊन घेऊ."

धनश्रीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "थांबा अप्पा," ती म्हणाली, "पेशंट हायत माज्याकडं. गोळ्या मदीच सोडता येत न्हाईत."

अप्पा थांबले. खेळ संपेपर्यंत थांबले, आणि मग हापिसाकडे न जाताच तिला घेऊन घरी गेले. सोमवारी ती शाळेत होती.

मित्रांनो, मला आता कुणी खेळत नाही. राजेश्री दुसरा ग्रह वसवते आहे, तिथे माझं काम नाही. पण या पेनड्राइव्हमध्येही मी दचकून जागा होतो, कुणीतरी ढकलतंय असं वाटून. तुमच्या वर्गातही एखादी भिंत असेल, तिच्याशेजारी एखादा बाक असेल. मी रोग आहे, माझं ऐका: औषध घेणाऱ्याला मी घाबरतो. त्याच्या ताटाशेजारी ताट मांडून बसणाऱ्याला तर त्याहून जास्त. तेवढं एकदा बसून बघा.