लवणातल्या उंदीरचिमण्या

एवोदिओ साएन्सला त्याच्या बहिणीनं, तोमासानं, वाढवलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ती चुलीशी उभी राहण्याइतकी मोठी झाली होती. मग ती चुलीशी उभीच राहिली. लग्नाच्या गोष्टी आल्या, तशा गेल्याही. बाप वारला तेव्हा एहिदोतला, म्हणजे गावाच्या सामायिक कुरणातला त्याचा हक्क एवोदिओच्या नावावर झाला. उत्तर मेक्सिकोतल्या चिवावाच्या त्या भागात तशीच रीत होती. सभेत मुलगे हात वर करायचे आणि मुली भाकरीसारख्या तोर्तिया भाजायच्या.

त्यांच्या वाट्याचं कुरण घराच्या मागून सुरू व्हायचं आणि पश्चिमेला डोंगरांच्या दिशेनं लांबच लांब पसरायचं. मधे जमीन हळूच खाली उतरायची. उन्हाळी पावसाचं पाणी त्या लवणात मुरायचं, त्यामुळे तिथलं गवत गुडघाभर वाढायचं आणि हिवाळ्यात वाळून पिवळंधमक व्हायचं. थंडीच्या तोंडाशी त्या गवतात चिमण्या यायच्या. अंगापिंडानं इवल्याशा, डोकं गेरूत बुडवून काढल्यासारखं, गळ्याशी काळ्या रेघांची माळ. माणूस जवळ आला तरी त्या उडत नसत. मान खाली घालून गवताच्या बुडातून तुरुतुरु पळत. म्हणून सगळं गाव त्यांना उंदीरचिमण्या म्हणे. एवोदिओनं उभ्या जन्मात त्यांच्याकडे धड पाहिलं नव्हतं. त्याचं लक्ष गाईंकडे.

मग एका हिवाळ्यात नोएमी नावाची मुलगी आली. विद्यापीठात चिमण्यांवर काम करायची. उत्तरेकडच्या माळांवर घरटी करणारी ही चिमणी हिवाळा इथं काढते. ती किती जगते, कशानं मरते हे तिला शोधायचं होतं. चिमण्या उडत नाहीत म्हटल्यावर जाळं लावून काय उपयोग? मग माणसांनी रांग धरायची आणि गवत तुडवत त्यांना हळूहळू जाळ्याकडे पळवत न्यायचं. नोएमीला माणसं हवी होती. तोमासानं एप्रन सोडला, भावाची जुनी टोपी डोक्यावर घातली आणि निघाली.

"बाईसाहेब उंदीर हाकायला चालल्या," एवोदिओ दारातून म्हणाला. "बोकाही घेऊन जा की बरोबर!"

"तुलाच नेलं असतं," तोमासा म्हणाली. "पण कुंपणाच्या तारेखालून तुझं पोट जायचं नाही."

त्या दिवशी ती परत आली तेव्हा तिच्या स्कर्टला कुसळं चिकटली होती आणि चेहरा लाल झाला होता. घेवडा शिजवायचा राहिला होता. एवोदिओनं कुरकुर केली, तर म्हणाली, "एक दिवस शिळं खाल्लंस म्हणून मरत नाहीस."

पुढचे दोन-तीन हिवाळे ती रोज जात राहिली. एकदा एवोदिओ गाय शोधत लवणाशी आला, तर जाळ्यापाशी बायका गोळा झालेल्या. नोएमीनं चिमणीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवलं आणि ती तोमासाच्या तळव्यावर ठेवली. तोमासानं मूठ उघडली. चिमणी क्षणभर तशीच बसून राहिली, मग टुणकन खाली पडली आणि गवतात पळाली. तोमासा रिकामा हात तसाच पुढे धरून उभी. "हिच्या काळजाची धडधड माझ्या बोटांना लागली बघ," ती म्हणाली. एवोदिओनं विचारलं, "पांढऱ्या कपाळाची गाय दिसली का गं?"

नोएमीनं मग फोनवर त्या चिमणीचं गाणं लावलं. उत्तरेत कुणीतरी टिपलेलं. सुरुवातीला काच वाजावी तसे दोन-तीन सूर, आणि पाठोपाठ एक लांब, थरथरणारी लकेर.

"मेली!" तोमासा ओरडलीच. "हे असं गाता येतं हिला? आणि आमच्याकडे हिवाळाभर तोंड शिवून बसते?"

"गाणं घरट्याजवळ, तोमासाबाई. इथं नुसतं खायचं आणि जीव सांभाळायचा."

"म्हणजे आम्ही खानावळवाले!"

"खानावळ बंद पडली तर तिकडे गाणार कोण?" नोएमी हसत म्हणाली.

एवोदिओचा मुलगा रामिरो सीमेपलीकडे, अमेरिकेत फिनिक्सला असायचा. थंड हवेची यंत्रं दुरुस्त करायचा. तिकडेच लग्न झालं, मुलगी झाली. एवोदिओची बायको काही वर्षांपूर्वी तापानं गेली तेव्हा तो आला होता, तेवढाच. पुढे फोनवर एकदा म्हणाला, "अपा, गाईंमागं फिरायला मी काही परत येणार नाही. पण जमीन नांगरणार असाल, बोअर मारून कापूस लावणार असाल, तर बोला." त्याच सुमारास गावातल्या बऱ्याच जणांच्या मनात तेच घोळत होतं. शेजारच्या कुरणांवर हिरवी वर्तुळं उमटली होती. मधोमध बोअर आणि तिच्याभोवती गोल फिरत पाणी देणारा लोखंडी सांगाडा. कुरणं नांगरायची का, ते ठरवायला सभा बोलावली गेली.

सभेच्या सकाळी तोमासानं त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि समोर बसली. एरवी ती बसायची नाही.

"हात वर करणार ना तू?"

"पोरगा परत येईल गं, तोमा."

"येऊ दे की. त्याचे लंगोट मीच धुतलेत, मला नको आहे का तो? पण लवण सोड. बाकीचं नांगर, त्याची राख कर नाहीतर रांगोळी काढ. लवण तेवढं राहू दे."

"सोडतो."

"तोंडदेखलं बोलू नकोस."

"सोडतो म्हटलं ना!"

आयुष्यात तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. हे त्याच्या ध्यानात आलं, पण फार पुढे.

सभेत एवोदिओनं हात वर केला, ठराव झाला आणि रामिरो आला. बायको-मुलगी मागाहून येतील म्हणाला. घरात पुन्हा दोन पुरुषांचे बूट दिसू लागले, संध्याकाळी अंगणात मांस भाजलं जाऊ लागलं. "तिआ, तुझ्या हातची तिखट चटणी तिकडे स्वप्नात यायची," असं तो आत्याला म्हणाला, तेव्हा ती पदार्थांवर पदार्थ करत सुटली. एवोदिओ वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखा शीळ घालत हिंडत होता.

ट्रॅक्टर लागले. पूर्वेकडून नांगरत नांगरत ते लवणाच्या काठाशी आले आणि थांबले. रामिरो बापाजवळ आला.

"अपा, हा तुकडा मधे राहिला तर सांगाडा फिरणार कसा? आणि चांगली माती असेल तर इथंच आहे. बघा, काळीभोर."

"तुझ्या आत्याला शब्द दिलाय मी."

"कशासाठी? चिमण्यांसाठी?" रामिरो हसला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच गंमत वाटली. मग त्यानं बापाच्या खांद्यावर हात टाकला. "तुम्ही म्हणाल तसं. पण मग सगळंच अर्धवट होईल."

खांद्यावरचा तो हात एवोदिओला फार दिवसांनी मिळाला होता. तो म्हणाला, "बघ, तुला बरं वाटेल तसं कर."

दुपारी जेवायला बसले. तोमासा तव्यावरून गरम तोर्तिया काढून वाढत होती. "लवणापाशी पोचलात का?" तिनं विचारलं.

"नाही अजून," एवोदिओ म्हणाला. रामिरोनं ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तोमासा अंगणात चादरी वाळत घालत असताना लवणाच्या बाजूनं धुळीचा लोट उठला. वारा घराच्या दिशेनंच होता. ओल्या चादरींवर धूळ बसून त्या तपकिरी झाल्या. तिनं त्या काढल्या, पुन्हा धुतल्या आणि यावेळी घरात दोरी बांधून वाळत घातल्या. ओरडली असती, भांडी आदळली असती तर एवोदिओ तयार होता. काय उत्तर द्यायचं ते त्यानं मनात जुळवलंही होतं. ती वेळच आली नाही.

थंडी पडली आणि चिमण्या आल्या. वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांवर उतरल्या, ढेकळांवरून इकडेतिकडे पळाल्या. लपायला गवताचं बूड नव्हतं. कुंपणाच्या तारेखाली वीतभर गवताची पट्टी उरली होती, तिच्यात जाऊन दाटीवाटीनं बसल्या. नोएमी येऊन कुंपणाशी उभी राहिली. एवोदिओनं विचारलं, "आता या कुठं जाणार?"

"गवत दिसेल तिथं."

"पुढं आहे ना गवत?"

तिनं हातानं सभोवतालची वर्तुळं दाखवली. त्याला रागावून बोलली नाही. उलट गुडघेदुखीवरचं मलम तोमासासाठी त्याच्या हाती देऊन गेली.

एका सकाळी तारा ताणायला गेला तेव्हा त्याला तारेच्या काट्यात टोचलेली एक चिमणी दिसली. खाटीक पक्ष्याचं काम. तो उंचावर बसून टेहळतो, पकडलेलं भक्ष्य काट्याला अडकवून ठेवतो आणि सवडीनं खातो. त्यात नवल काहीच नव्हतं, खाटीक पूर्वीही होतेच. पण गवतात त्याला एक सापडली तरी दहा निसटायच्या. आता तो नुसता उचलत होता. एवोदिओनं चिमणी काट्यातून सोडवली. इतकी हलकी की हातात काही आहे असं वाटेना. डोक्यावरचा गेरवा रंग त्यानं पहिल्यांदाच जवळून पाहिला. खांबाच्या बुडाशी तिच्यावर माती लोटली आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

नाताळ झाल्यावर तोमासा कासास ग्रांदेस या मोठ्या गावी लांबच्या नात्यातल्या भाचीकडे राहायला गेली. निमित्त गुडघ्यांचं. तिथं दवाखाना जवळ.

रामिरोची बायको काही आली नाही. मुलीला इथली शाळा नको होती. दुसरा कापूस वेचून झाल्यावर तोही गेला. बसमध्ये चढताना बापाला घट्ट मिठी मारून रडला. तो खोटं बोलला नव्हता, त्यालाही वाटलं होतं की जमेल. बोअरचं पाणी दरवर्षी खोल जात होतं. वसंतातल्या वाऱ्यानं उघडी माती उचलली आणि दारं-खिडक्यांतून घरात आणून टाकली. एवोदिओ एकटा झाडत बसायचा. त्यानं सांगाडा थांबवला, फाटक बंद केलं, गाई बाहेर ठेवल्या. गवत आपसूक येईल असं त्याला वाटलं होतं. काटेरी झुडपं आली.

"बी टाकून बघू," नोएमी म्हणाली, "पण पूर्वीसारखं व्हायला... तुम्ही-आम्ही बघायला नसू, एवोदिओकाका."

तो कासास ग्रांदेसला गेला. तोमासा भाचीच्या स्वयंपाकघरात मिरच्यांची देठं काढत होती. त्यालाही तिनं मूठभर पुढे सरकवल्या. दोघं बराच वेळ देठं काढत बसले.

"घरी चल," तो म्हणाला. "फाटक लावलंय मी. कुंपणाकडची पट्टीही रुंद करतोय. थोड्या चिमण्या येतात अजून."

"बरं केलंस."

"मग येतेस ना?"

"नाही रे."

"चिमण्यांपायी एवढं, तोमा?"

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. "चिमण्यांचंही वाईट वाटतं. नाही कसं? पण तू मला सांगायचंस. मी रडले असते, तुला शिव्या दिल्या असत्या, आणि संध्याकाळी पुन्हा चूल पेटवली असती. जेवताना मी विचारलं तेव्हा तुझ्या तोंडात माझ्याच हातची तोर्तिया होती, एवो. ती चावत चावत तू नाही म्हणालास."

एवोदिओनं समोरच्या उरलेल्या मिरच्यांची देठं काढून संपवली. निघताना तिनं त्याला फडक्यात बांधून खायला दिलं. त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. पण फाटकापर्यंत आली नाही.

पुढच्या थंडीत तो ट्रक घेऊन पशुखाद्य आणायला उर्रुतिया कुटुंबाच्या रांचोवरून, म्हणजे गुरांच्या वाडीवरून, चालला होता. त्या लोकांनी आपलं कुरण मोडलं नव्हतं. रस्त्याला लागूनच उंच पिवळं गवत होतं आणि त्यात माणसांची एक रांग हळूहळू पुढे सरकत होती. नोएमीला त्यानं टोपीवरून ओळखलं. रांगेच्या टोकाला, थोडं लंगडत, हातातल्या काठीनं गवत बाजूला सारत एक म्हातारी चालली होती.

त्यानं ट्रक कडेला घेतला. खाली उतरून तारेपाशी उभा राहिला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. वाऱ्यावर तिचा आवाज मात्र येत होता, रांगेतल्या कुणाला तरी ती दटावत होती, "अगं बाई, धावू नकोस, लग्नाला चाललीस का? पायाखाली बघ!" आणि बाकीच्या हसत होत्या.

एकदा तिनं रस्त्याकडे मान वळवली. ट्रक तिनं ओळखला असणार. अख्ख्या तालुक्यात तसा निळा ट्रक दुसरा नव्हता. ती थबकली, पाहिलं, आणि रांग मोडू नये म्हणून पुन्हा चालू लागली.

गवताच्या चढापलीकडे शेवटची टोपी दिसेनाशी होईपर्यंत एवोदिओ उभा राहिला. मग खाद्य आणायला गेला. घरी गाई उपाशी होत्या.