मंगळवारची भवानी

वणीची बस दिंडोरी स्टँडवर पोहोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. दोन तास उशीर. तरी भागीबाईंची पेरूची पाटी अजून ओल्या फडक्याखालीच होती. कोंडाजी खाली उतरतो न उतरतो तोच शेजारच्या केळीवाल्या भिकाने त्याला धारेवर धरलं. सकाळपासून पाच गिऱ्हाइकं या बाईने परतवून लावली होती, का तर मंगळवारची भवानी याच्याच हातची हवी.

म्हसरूळच्या पुढे टायर बसला, यात कोंडाजीचा काय दोष? पण त्याला मनापासून वाईट वाटलं.

कोंडाजी नाशिकच्या एका दुकानात शिलाई मशीनचा मेकॅनिक. दर मंगळवारी वणीच्या शिंप्यांकडे फेरी असायची. अकरा वर्षांपूर्वी त्याने सहज इथे पेरू घेतले आणि त्या दिवशी म्हणे दुपारच्या आत पाटी रिकामी झाली. तेव्हापासून दिवसाची पहिली विक्री त्याला, हा नेम झाला. पेरू नसतील तेव्हा सीताफळं, तीही नसतील तेव्हा बोरं.

याचं त्याला फार नवल वाटे. घरात त्याच्या हाताची अब्रू काय, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याने फोडलेले दोन नारळ लागोपाठ नासके निघाले, तेव्हा नव्या फ्रिजचा नारळ त्याच्या बायकोने, ललिताने, शेजारच्या दिनेशकडून फोडून घेतला होता. "समोरचा देईल ते घेऊन येता," हे तर ती भाजीपासून पगारापर्यंत सगळ्याला म्हणे, आणि ते खरंच होतं.

आज त्याला सांगायचं होतं की ही शेवटची फेरी. वणीचं काम मालकाने दुसऱ्याला दिलं होतं. पुढच्या आठवड्यापासून कोंडाजी दुकानातच बसणार. गाडीत त्याने हे हसत हसत सांगायची तयारी केली होती. झाकलेली पाटी पाहून ते हसू कुठल्या कुठे गेलं. सांगण्याऐवजी त्याने अकरा वर्षं मनात असलेलं विचारलं.

"भागीबाई, माझ्या हातात असं काय आहे हो?"

"हातात काय नाय, भाऊ," फडकं काढत त्या म्हणाल्या. "तुम्ही पेरू दाबून बघत नाय. मी देते ते घेता. सकाळी सकाळी कुणीतरी आपल्यावर इस्वास ठेवला, का दिवसभर मला लबाडी करावीशी वाटत नाय. मंग गिऱ्हाईक बी येतं."

कोंडाजीची ही खोड कुणाच्या उपयोगी पडत असेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग त्याने घाईघाईने, खाली बघत, शेवटच्या फेरीचं सांगून टाकलं.

भागीबाईंनी एक किलो पेरू पिशवीत घातले, त्याने दिलेली नोट कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. पलीकडे कंडक्टरने बेल मारली.

"नाव काय तुमचं?"

अकरा वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्याने सांगितलं.

"कोंडाजी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून, "आता मंगळवारी तुमचं नाव घेईन आन् पाटी उघडीन. येळेवर. जा, गाडी जाईल."

कोंडाजी पिशवी सांभाळत गाडीत चढला.

पुढच्या मंगळवारी कोंडाजी नाशिकच्या दुकानात एक जुनं मशीन उघडून बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले, दिंडोरीला पाटी उघडायची वेळ. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, मागच्या नळावर गेला आणि साबण लावून उजव्या हाताचं तेल स्वच्छ धुऊन काढलं.