आधी दगड वाहिला

"ताई, खाली येतेस का? आपल्या कातळावर?" चिपेगोने फोनवर विचारलं, तेव्हा लूसे अंगणात मका सोलत होती.

"वेड लागलंय का तुला? माझे गुडघे ठाऊक आहेत ना?"

"माझे तरी कुठे धड आहेत! पण धरण बांधणार म्हणतात. म्हणजे, आपण पोरी होतो तेव्हापासून म्हणतातच. पण या वेळी खरंच बांधलं, तर घळ गेली पाण्यात. मग रडत बसशील."

लूसे झांबेझीच्या उत्तरेला, माहेरच्याच गावात राहिलेली. धाकट्या चिपेगोला नदीपलीकडे, दुसऱ्या देशात दिलं होतं. कड्यावर उभं राहिलं की तिच्या गावचा धूर दिसायचा, पण मधे सरळ उभी तुटलेली घळ. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा, दोन्हीकडचे पोलीस आणि कागद. म्हणून ऑक्टोबरात पाणी उतरलं की दोघी आपापल्या बाजूने खाली यायच्या. नदी अरुंद होते तिथे समोरासमोरच्या कातळांवर बसून ओरडून बोलायच्या. नवं बाळ झालं की वर उचलून एकमेकींना दाखवायच्या. पुढे पोरं मोठी झाली, नवरे गेले, फोन आले आणि उतरणं राहूनच गेलं.

"आई, पडलात तर मी उचलून वर आणायची नाही हं," सून मुतिंता म्हणाली.

"नको आणूस. सुसरींना दे."

"सुसरीसुद्धा इतकं वातड मटण खात नाहीत."

पण उजाडताच पाण्याचा डबा घेऊन पुढे चालू लागली ती मुतिंताच.

वाट तीच होती. हात टेकायला जागाही त्याच. काळा घट्ट दगड संपून तांबूस, भोकाभोकांचा थर लागला, तशी लूसे थांबली. इथे बाबा नेहमी दम खायचे. मासे धरायला दोघी पोरींना घेऊन उतरायचे तेव्हा. तरुणपणी त्यांनी दगड तपासणाऱ्यांची ओझी वाहिली होती. दगडांचं काही त्यांच्याकडून ऐकलेलं, काही स्वतः बघितलेलं ते पोरींना सांगायचे.

"आधी इथे पाणी नव्हतंच," बाबा सांगायचे. "जमीन फाटली आणि दगडच वाहत आला, चुलीवर शिजणाऱ्या मक्याच्या पिठासारखा रटरटत. थिजला. त्याच्यावर दुसरा आला, तोही थिजला. ही भोकं म्हणजे बुडबुडे. वर यायला निघाले आणि वाटेतच अडकले."

त्या भोकांतले पांढरे चमकते खडे दोघी नखांनी उकरायच्या.

"मग एवढा दगड नदीने कसा कापला?" लूसेने विचारलं होतं.

"धड कातळाच्या नादी ती कशाला लागेल? निवताना कातळ तडकला होता. ती भेग शोधते, आणि सापडली की गोटे घेऊन तिथेच घासत बसते. तिला कुठे घाई आहे? मोठा धबधबासुद्धा एके काळी इथे होता. कडा झिजवत झिजवत मागे सरकला."

"आपल्याला न सांगताच?" चिपेगोने रुसून विचारलं होतं. बाबा ठसका लागेपर्यंत हसले होते.

लूसे खाली पोचली तेव्हा दगड तापले होते. पलीकडे पिवळं कापड गुंडाळलेली एक लहानशी बाई उभी होती. लूसेने जीव एकवटून हाक मारली. चिपेगोनेही मारली. पण आवाज म्हातारे झाले होते. नदी मात्र होती तशीच गरजत होती.

"काय म्हणतेय ती?"

मुतिंताने कान टवकारले. "त्या म्हणतायत, ऐकू येत नाही."

लूसे मटकन खाली बसली. एवढं उतरून यायचं आणि नुसते हात हलवायचे! तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वरच्या अंगाने नदीची सफर करणाऱ्या पाहुण्यांना घेऊन हवेने फुगवलेली नाव आली. वल्ही मारणाऱ्या ओळखीच्या म्वीत्वाने ती खालच्या संथ डोहात वळवली.

"आजी, इथे कुठे?"

"माझी बहीण तिकडे आहे रे."

त्याने पलीकडे पाहिलं, पाहुण्यांशी दोन शब्द बोलला आणि नारिंगी जाकीट पुढे केलं. "हे घाला. डोह शांत आहे, नेतो."

"या वयात नवं पोलकं!" लूसे म्हणाली आणि ते अंगात चढवलं. बंद मुतिंतालाच बांधावे लागले.

पलीकडचा दगड पायाला लागला, तशी चिपेगोने तिला घट्ट धरलं. दोघी बसल्या. चिपेगोने भाजलेल्या शेंगा काढल्या. इतकी वर्षं ओरडून बोललेल्या, आता कुजबुजत होत्या.

समोर घळीची अख्खी भिंत उन्हात होती. काळा थर, तांबडा थर, पुन्हा काळा. पायथ्याला लूसेची जागा.

"तो माझा कातळ? एवढुसा?"

"मला तर इथून तूच एवढुशी दिसायचीस, ताई."

शेंगा संपल्या तरी दोघी टरफलं चाळत राहिल्या. शेवटी म्वीत्वाने शीळ घातली.

चढताना मुतिंता मागून ढकलत होती. "एवढं काय बोललात?"

"बाबांच्या हसण्याची नक्कल केली तिने. हुबेहूब."

घरी पोचेस्तो संध्याकाळ झाली. पाय सुजले आणि लूसे कितीतरी दिवस चटईवर पडून होती. बघायला आलेल्या प्रत्येकीला ती सांगायची, "चिपेगोचे केस सगळे पिकलेत गं. पण शेंगेतला मोठा दाणा अजून स्वतःच घेते."