घरात चालेल अशी मालिका

आमच्या घरात टीव्हीवर काय लावायचं ते मी ठरवतो. अख्ख्या पिंपळवंडीला माहीत आहे, हौशीरामच्या हातातून रिमोट सुटत नाही. सासू-सुनांच्या कारस्थानांचं मला आधीपासून वावडं. त्यात माझी सून प्रतिभा दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आली, तेव्हापासून पाळणा, बारसं, डोहाळजेवण दिसलं की मी चॅनल बदलतो. मग बघायला उरतात त्या बातम्या.

मुलगी पोटातच गेली होती. असं मूल आमच्याकडं आईला दाखवत नाहीत, जीव लागतो म्हणून. माझा मुलगा भरत आणि मी, आम्ही तिला परस्पर नदीकडच्या शेतात पुरलं. प्रतिभा रडलीच नाही. धारा काढते, भाकरी थापते, विचारलं तर हो-नाही म्हणते. सगळं घरच बधिर झालंय. मीसुद्धा कुणावर ओरडलेलो नाही, यावरून काय ते समजा.

मग गुरांच्या डॉक्टरची एक मालिका सापडली. खेडेगाव, गाई-म्हशी, भली माणसं. शिव्या नाहीत, मारामारी नाही, माणसाच्या बाळंतपणाचा तर विषयच नाही. पहिला भाग एकट्यानं बघून मी ती पास केली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना लावली.

त्या भागात गाईला मेलेलं वासरू झालं. मालक ते उचलायला निघाला, तर डॉक्टर म्हणाला, "राहू दे. तिला बघू दे, नाहीतर शोधत बसेल." गाय वासराला चाटायला लागली.

"बंद करा वं ते," माझी बायको धोंडाबाई म्हणाली. मी रिमोटसाठी चाचपडलो. तो प्रतिभाच्या हातात होता.

"गाईला दाखवलं," ती म्हणाली. "मला नाय दाखवलं."

भरत ताटावरून उठून गोठ्याकडं गेला.

"तुज्या भल्यासाठीच केलं गं बाई," धोंडाबाई म्हणाली.

प्रतिभानं तिच्याकडं बघितलं नाही. "मामा, तुमी तिला बघितलं ना? कशी व्हती?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला काही वाटलं.

"केस लई व्हते," मी म्हणालो. "काळेभोर. आन हनुवटी तुज्यासारखी."

तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. गाय अजून चाटतच होती.

"आजून सांगा," प्रतिभा म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं.