गुडघ्यांशी बोलणारा अ‍ॅम्प

मित्रांनो, गिटारचा आवाज मोठा करणारा मी एक जुना अ‍ॅम्प आहे. अंगाने लहान, आवाजाने जरा किनरा. दुकानात माझ्याशेजारी कपाटाएवढे अ‍ॅम्प उभे होते, त्यामुळे वर्षभर मला कोणी भावच दिला नाही.

मग ताई आली. एरवी ती परिचारिका, सुट्टीच्या दिवशी गिटारवादक. तिच्या बँडमध्ये आत्या गायची आणि मामा ड्रम वाजवायचा. ताईला कपाटाएवढाच अ‍ॅम्प हवा होता. तो वाजला तेव्हा दुकानाच्या काचा थरथरल्या. पण मामा ड्रमच्या काठ्या सोबत घेऊन आला होता. बाकावर जोरात ठेका धरून तो म्हणाला, "आता वाजव. एकट्याने सगळेच छान वाजतात गं." त्या ठेक्यात कपाटाएवढ्या दांडगोबाचा घुमणारा सूर बुडाला, माझा किनरा सूर मात्र स्पष्ट ऐकू आला. मी ऐटीत घरी गेलो.

पहिल्याच कार्यक्रमात माझी ऐट उतरली. ताईने मला पायांमागे जमिनीवर ठेवले. माझा आवाज तिच्या गुडघ्यांजवळून थेट पहिल्या रांगेत जाई आणि तिला काहीच ऐकू येईना. म्हणून ती आवाज वाढवायला माझे बटण फिरवत राहिली. लोकांनी कानांत बोटे घातली. माझ्यापुढे आपले गाणे पोहोचावे म्हणून आत्या बिचारी ओरडत राहिली आणि तिचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर गाणं बंद. पुन्हा असं ओरडलात तर आवाज कायमचा जाईल."

ताईला रडू कोसळले. "हा अ‍ॅम्पच कुचकामी आहे, परत देऊन टाकते," ती म्हणाली. मला फार अपराधी वाटले. बोलायची बंदी असलेल्या आत्याने कागदावर लिहिले, 'राहू दे गं त्याला. एकदा अजून बघू.'

महिन्याने सराव ठरला. मामाने मला उचलून खुर्चीवर ठेवले आणि माझे तोंड ताईच्या कानाकडे वळवले.

"गुडघ्यांना कान असतात का? हं, वाजव आता."

ताईने तार छेडली आणि दचकलीच. "अगं बाई, केवढा मोठा!" तिने बटण निम्म्याहून खाली आणले. आत्या भीतभीत, जवळजवळ पुटपुटतच गायली. तरी तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. मामाने ठेका सोडून डोळे पुसले.

आता माझ्या जाळीला भोक पडले आहे आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात, त्याचा मला राग येतो. मित्रांनो, अ‍ॅम्प निवडायला जाल तेव्हा सोबत वाजवणाऱ्यांनाही न्या, आणि दोष देण्याआधी त्याला नीट जागा द्या. आत्याने साठी ओलांडली, पण ती अजून गाते. तिने तोंड उघडले की ताई माझे बटण आणखी थोडे कमी करते. तेव्हा मला माझ्यापेक्षा तिचेच ऐकावेसे वाटते.