पंधरा पाऊण सव्वाअकरा

शेवट, पहिला प्रयत्न:
"रतन धक्क्यावर उभी होती. दिवेलागण झाली. पौर्णिमेचा चंद्र वर आला. इतक्यात सदूचे गलबत धक्क्याला लागले, आणि"

शेवट, चौथा प्रयत्न:
"पौर्णिमेची दिवेलागण. सदूचे गलबत डौलात धक्क्याला लागले. रतन पुढे झाली, आणि"

शेवट, अकरावा प्रयत्न:
"आणि"

त्या 'आणि'पाशी दयाराम मास्तर तीन आठवडे अडकले होते. मास्तर माणगावचे. हरिहरेश्वराच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावरच्या एका गावात त्यांची बदली झाली, त्याला दोन वर्षं झाली होती. सकाळी पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे आणि दुपारी मुंबईच्या एका मासिकासाठी कादंबरी लिहायची, महिन्याला एक प्रकरण. दहा प्रकरणं सरसर उतरली. रतनचा नवरा सदू मुंबईला जातो, सात वर्षं फिरकत नाही, मागे रतन एकटी निभावते. अकराव्या प्रकरणात तो परत यायचा होता. मास्तरांनी त्याला गलबतात बसवला, धक्क्यापर्यंत आणला, आणि पुढे त्यांना काही दिसेचना.

मध्येच एक पत्र येतं. संपादकांचं.

"शुक्रवारच्या आगबोटीने प्रकरण न निघाल्यास शेवट आम्ही येथेच लिहवून घेऊ. नायिकेने विहीर जवळ करावी, असा आमचा विचार आहे. वाचकांस तसे शेवट रुचतात. कळावे."

त्याच टपालात एक कार्डही होतं, माणगावहून. मास्तरांची मोठी बहीण गोदूताई हिला वाचता येत नसे. दर महिन्याचा अंक शेजारचे वैद्य तिला वाचून दाखवत. आई गेल्यावर हिनेच दयारामाला वाढवलं होतं. हिचाही नवरा असाच गेलेला. तो यायचा नाही हे सगळ्या माणगावाला ठाऊक होतं, तिलाही होतं. कार्डावर वैद्यांच्या अक्षरात एकच ओळ होती: "दयाराम, रतनचं बरं होईल असं बघ."

आता विहीर कुणासाठी खणली जात होती, ते मास्तरांना कळत होतं.

बुधवार. शाळा सुटली. ओहोटी होती, आणि करमअली तांडेलाचं गलबत वाळूवर कलतं करून खलाशी त्याला माशाचं तेल फासत होते. करमअली स्वतः पालथ्या टोपलीवर डोळे मिटून बसले होते. उजवा हात हवेत हळूहळू वळत होता. दोन वर्षं मास्तर हे बघत आले होते आणि काही जप चालला असेल म्हणून पाय न वाजवता पुढे जात होते. आज त्यांना पुढे जाऊन करायचं असं काही नव्हतं. ते उभे राहिले.

"बसा मास्तर," डोळे न उघडता करमअली म्हणाले. "वास सोसवंल तर बसा."

"तुमचा जप मोडायला नको, चाचा."

"जप? मी मुंबयला चाल्लोय. आता खांदेरीपाशी हाय. जरा थांबा, हितं खडक हाय." हात डावीकडे वळला, सरळ झाला. मग त्यांनी डोळे उघडले. "निघायच्या आदी एकदा असा डोळ्यानं जातो, मंग पान्यानं. जितं डोळ्याम्होरं काय येत न्हाय, ती जागा आपल्याला ठाव न्हाय. मंग कुनाला तरी इचारायचं. त्यात लाज न्हाय."

मास्तर टोपलीशेजारी वाळूवर बसले. "माझंही एक गलबत अडकलंय."

"कुटं?"

"धक्क्यावर."

"धक्क्यावर अडकलं? तांडेल कोन त्याचा, हाकतंय कोन?"

"मीच."

"मंग अडकनारच."

मास्तरांनी सगळी गोष्ट सांगितली. रतन, सदू, विहीर, गोदूताई. करमअलींनी ती अर्ज ऐकावा तशी ऐकली आणि म्हणाले, "मिटा डोळे. आना गलबत. वेळ कोनची?"

"दिवेलागण."

"तिथी?"

"पौर्णिमा."

पुढचा प्रश्न आला नाही. मास्तरांनी डोळा किलकिला करून पाहिलं, तर म्हातारा पोट धरून हसत होता. "खतिजा, ऐकलंस का? मास्तरांनी पुनवंच्या दिवेलागनीला गलबत धक्क्याला लावलं."

करमअलींच्या घरच्या खतिजाबी जवळच कालवांचे शिंपले फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मानगावात लागत असंल."

"मास्तर, तुमची पोरं रोज सकाळी काय वरडतात? पाऊनकी. पंधरा पाऊन?"

"सव्वाअकरा."

"तिथीची पाऊनपट, ती भरतीची येळ. पुनवंला भरती सव्वाअकराला. दिवेलागनीला खाडी तळाला गेलेली आसते. गलबत भायेर, रेतीच्या दांड्यापल्याड. धक्क्याला लागतंय कसलं?"

मास्तरांचे कान तापले. दोन वर्षं त्यांनी छडी हातात घेऊन पाऊणकी पाठ करून घेतली होती. ती कशासाठी असते, हे त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असणार. कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

पाणी काढून टाकलं.
गलबत मागे नेलं. दांड्यापल्याड. नांगर.
धक्का उघडा, खालच्या दगडांना शेवाळ.
मध्ये चिखल. त्यावर चंद्राचा उजेड.
इकडे रतन. तिकडे सदू. दोघं एकमेकांना दिसतात. हाक पोचते.
भरतीला अजून पाच तास.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच रतन त्यांना पाठमोरी दिसली नाही. तिचा चेहरा दिसला. आणि तो चेहरा काही वाट बघणाऱ्या बाईचा नव्हता.

"पण ही तर इथलीच," मास्तर डोळे मिटूनच बोलले. "हिला तिथी ठाऊक आहे. भरती नाही हे माहीत असून ही आत्ता आली कशाला?"

"चिखल बघून बायका थांबतात व्हय?" खतिजाबी म्हणाल्या. "कालवं काय धक्क्यावर बसून मिळतात?" त्यांनी पाय पुढे केला. टाचेपासून बोटांपर्यंत जुन्या चिरा होत्या. "खडपावर, कालवांच्या काळ्या खडकावर, पाय ठरतो. कापतो, पन ठरतो. जितं गुळगुळीत चकचकीत दिसतंय, तितं कमरंपरेंत जाल. हे आमाला ठाव. आनि तो तुमचा बाबा सात वरसं मुंबयच्या फरशीवर चाललाय. त्याला आता आठवंल का, पाय कुटं टाकायचा?"

मास्तर उठले. धोतराला लागलेलं तेलही त्यांना दिसलं नाही.

शेवट, बारावा प्रयत्न:
"रतनने लुगडे खोचले आणि ती चिखलात उतरली. मध्यावर, खडपावर, ती थांबली. तिथून पुढे ती गेली नाही. 'उतर,' ती म्हणाली. सदू उतरला. 'तिथे नको. डावीकडे. काळे दिसते तिथे पाय ठेव. कापेल. कापू दे.'"

शुक्रवारी पाकीट आगबोटीवर चढलं. संपादकांनी विहीर रद्द केली. वाचकांना काय रुचलं ते त्यांनी कळवलं नाही, मास्तरांनीही विचारलं नाही. अंक हातात पडताच सुट्टी काढून ते माणगावला गेले. हे प्रकरण वैद्यांनी वाचायचं नव्हतं.

गोदूताईने सूप बाजूला ठेवून ऐकलं. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"तिने हात नाही दिला त्याला?"

"चिखल संपेपर्यंत नाही."

"बरं केलंस." मग सूप पुन्हा ओढून घेत, "हे तुझ्या डोक्यातलं नाही. तुला पायाखालचं कधी दिसतं? कुणी दाखवलं?"

मास्तरांनी सांगितलं. पालथी टोपली, पाऊणकी, पायावरच्या चिरा. दोघांचं ऋण कसं फेडावं ते कळत नाही, असंही म्हणाले. एकदा वाटलं छापील आभार मानावेत, पण करमअलींनी हात जोडले होते: गावातले बाकीचे तांडेल आपापली गलबतं घेऊन मासिकात शिरायला बघतील.

गोदूताई आत गेली आणि फडक्यात बांधलेले वाल घेऊन आली. पाच शेर तरी असतील. "त्या बाईला दे. यंदाचे आहेत, लवकर शिजतील. आणि म्हणावं, माणगावच्या बाईने पाठवलेत. बाकी काही बोलू नकोस, तू बोलायला लागलास की लांबतं."

परतीच्या मोटारीत ड्रायव्हर म्हणाला, मास्तर, गाठोडं टपावर टाका की. मास्तरांनी मान हलवली. म्हसळ्यापर्यंत ते त्यांनी मांडीवरच घेतलं होतं. दोन्ही पाय बधिर झाले होते, आणि ते त्यांना छान वाटत होतं.